ज्या पाण्याला आम्ही पाणी म्हटलं नाही

आमच्या घरात डास नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण डेंग्यू झाला म्हटलं की भेटायला येणारा पहिला माणूस बोलता बोलता पलंगाखाली बघतो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मला आणि माझ्या नवऱ्याला, दिलीपला, दोन दिवसांच्या अंतराने डेंग्यू झाला. मी घरी परत आले. तो आला नाही.

आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी फोन केला होता. म्हणाल्या, "वसुधाताई, आजारातून उठलात त्याबद्दल लिहा ना. काहीतरी प्रेरणादायी." प्रेरणा माझ्याकडे नाही. एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढल्यावर प्रेरणादायी पुस्तकं कोणत्या कपाटात न वाचता पडून राहतात ते मला ठाऊक आहे. पण आमच्या सोसायटीच्या माळ्याने मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही, त्याबद्दल लिहू शकते. ते वाचून कुणी उठून एखादं भांडं पालथं घातलं, तर पुष्कळ झालं.

रविवार

दिलीप एका मंत्रालयाच्या प्रशासन शाखेतून अवर सचिव म्हणून निवृत्त झाला. तिथे दर वर्षी जुलैत एक परिपत्रक निघायचं: कार्यालयातले कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करावेत, गच्चीवर भंगार ठेवू नये, पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. ते परिपत्रक कितीतरी वर्षं त्यानेच लिहिलं. मी म्हणायचे, "तारीख बदलतोस की मजकूरही?" तो म्हणायचा, "मजकूर बदलायला डासांनी सवयी बदलायला हव्यात."

असं परिपत्रक काढून स्वतः पाळणारा मी पाहिलेला तो एकमेव सरकारी माणूस. मयूर विहारमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी चहा झाला की बनियनवर फेरी निघायची. कूलरची टाकी रिकामी करून फडक्याने कोरडी पुसायची. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. मग कुंड्यांखालच्या बशा. मग फ्रिजच्या मागचा तो ट्रे, जो असतो हेच निम्म्या दिल्लीला माहीत नाही. चिमण्यांचं पाण्याचं वाडगं घासून पुन्हा भरायचं. आमच्या लेकीने, ऋताने, लहानपणी चित्र काढलं होतं, 'माझे बाबा'. त्यात बाबांच्या हातात फडकं होतं.

सोसायटीत आम्ही मराठी घरं सात. बाकी पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळे. गणपती मात्र सगळ्यांचा, आणि उत्सव समितीचा सचिव दिलीप. मला समारंभ आवडत नाहीत. स्वागत, सत्कार, शाल, श्रीफळ, मग आभार मानणाऱ्याचे आभार. दिलीपला ते फार आवडायचं. बत्तीस वर्षं आम्ही या एकाच विषयावर भांडलो, म्हणजे संसार बरा चालला होता.

हौद

यमुनेत विसर्जनाला बंदी आहे, म्हणून आम्ही सोसायटीच्या बागेत विटा रचून, आत जाड ताडपत्री घालून हौद करतो. शाडूची मूर्ती त्यात विरघळते. दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माळी ते गढूळ पाणी बादल्यांनी झाडांना घालायचा आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी समितीला वाटलं, एवढं चांगलं काम कुणाला दिसत कसं नाही? ठराव झाला. हौदातली माती आणि पाणी घालून कदंबाचं रोप लावायचं, तेही एका माननीयांच्या हस्ते. कार्यक्रमाला नावही मिळालं: 'मृत्तिका अर्पण समारोह'. अध्यक्ष खुरानासाहेबांना ते नाव नीट उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे ते त्यांना फारच आवडलं.

विसर्जनानंतरच्या रविवारचा बेत होता. दिलीपने माननीयांच्या सचिवांना फोन लावला. स्पीकरवर होता, मी भाजी निवडत ऐकत होते.

"श्राद्ध चल रहे हैं जी," पलीकडून आवाज आला. "साहब श्राद्धों में कोई शुभ काम नहीं करते. नवरात्रों में रखिए."

अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. ही काही गुप्त माहिती नव्हे, कॅलेंडरवर छापलेली असते. दिलीपने फोन ठेवला, कॅलेंडर पाहिलं आणि नवरात्रातल्या पहिल्या रविवारी पेन्सिलने गोल केला.

"आणि तोवर पाणी?" मी विचारलं.

"तोवर राहील की. तेच पाणी रोपाला घालायचंय. बाप्पाचं पाणी आहे वसू, ते नळाचं पाणी नाही."

हे बोलणारा माणूस दर रविवारी बशा पुसणारा होता. चिमण्यांच्या वाडग्यातलं पाणी त्याच्या लेखी पाणी होतं, फ्रिजमागचं पाणी होतं. हौदातलं नव्हतं. ते तीर्थ होतं, निर्माल्य होतं, समारंभाचं साहित्य होतं. आणि माझ्या लेखी ते विनोदाचं साहित्य होतं. पाणी ते दोघांच्याही लेखी नव्हतं.

रामसजीवनचा प्रश्न

आमचा माळी रामसजीवन. साठीचा, कमी बोलणारा, पायाने थोडा अधू. पितृपक्षाच्या पहिल्या आठवड्यात मी दूध घेऊन येत होते, तेव्हा त्याने मला हौदापाशी थांबवलं.

"मैडम, पानी में कीड़े पड़ गए हैं. निकाल दूँ?"

मी वाकून पाहिलं. माती खाली बसली होती आणि वर पाणी चांगलं नितळ झालं होतं. त्यात स्वल्पविरामासारखं काहीतरी हजारोंनी वळवळत होतं. मूर्तीच्या सोंडेचा थोडा भाग अजून विरघळायचा होता.

"साहब से पूछ लो," मी म्हटलं. "कमेटी का पानी है."

त्याने साहेबांना, म्हणजे दिलीपला, विचारलं. साहेब म्हणाले, नवरात्रापर्यंत थांब. चार-पाच दिवसांनी त्याने मला पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. त्या क्षणी मी 'काढ' म्हटलं असतं, तर वीस मिनिटांत हौद कोरडा झाला असता. माननीयांना नळाच्या पाण्याची बादली देता आली असती. त्यांना फरक कळला नसता आणि कदंबालाही नाही.

त्याऐवजी मी घरी येऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "कुंड में जनता बढ़ रही है. समारोह में हज़ारों की उपस्थिति निश्चित समझिए." हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. खुरानासाहेबांनीही एक टाकला. दिलीप सोफ्यावर बसून फोनकडे बघत म्हणाला, "तू सुधारणार नाहीस यार," आणि तोही हसला.

उपहास करणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी केलं. मी आयुष्यभर या समजुतीत होते.

समारोह झाला. माननीय चाळीस मिनिटं उशिरा आले आणि पंधरा मिनिटांत गेले. भाषण करता करता त्यांनी मानेवर चापट मारली आणि म्हणाले, "यहाँ मच्छर बहुत हैं, कमेटी ध्यान दे." टाळ्या पडल्या.

ताप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला थंडी वाजून आली. ऑक्टोबरात दिल्लीत निम्मं शहर आजारी असतं. हवा बदलते, धूर यायला लागतो, कुणाचा घसा बसतो, कुणाला खोकला. मला वाटलं, त्यातलंच काही. संध्याकाळपर्यंत डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे दाबून बसल्यासारखं झालं आणि पाठ, कंबर, घोटे, असा एकेक सांधा आपलं नाव सांगू लागला. याला हाडमोड्या ताप म्हणतात ते उगीच नाही.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. डॉक्टर तरुण होते, शांत होते. "डेंग्यू आहे. पाणी भरपूर घ्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही. आणि ताप उतरला की आनंद करू नका, तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं." दिलीपने हे सगळं वहीत लिहून घेतलं, क्रमांक घालून.

शेजारपाजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस आणला, बकरीचं दूध आणलं, किवी आणले. बकरीचं दूध पूर्व दिल्लीत त्या महिन्यात कोणत्या बकऱ्या देतात हा संशोधनाचा विषय आहे. मी काहीच पोटात ठेवू शकत नव्हते. चौथ्या दिवशी न्हाणीघरात उभी असताना भिंत पुढे सरकत आली, एवढंच आठवतं. दिलीपने आणि खुरानासाहेबांच्या मुलाने मला गाडीत घातलं.

मला तेव्हा माहीत नव्हतं की मला उचलताना दिलीपच्या अंगातही ताप होता. आदल्या दिवसापासून.

वॉर्ड

हॉस्पिटलमध्ये दिवस सकाळी पाचला सुरू होतो, कारण रक्त घेणारा तेव्हा येतो. मग प्लेटलेट्सचा आकडा येतो, हजारांत. वॉर्डात सगळे एकमेकांना नावाने न ओळखता आकड्याने ओळखायचे. "आपके कितने?" "बत्तीस." "मेरे तो अठ्ठाईस रह गए." शेअर बाजाराच्या पायरीवर बसल्यासारखं वाटायचं. डॉक्टर रोज सांगायचे, नुसता आकडा बघू नका, लघवी किती होते, पोट दुखतं का, रक्तदाब काय ते बघा. पण लघवीबद्दल फोनवर नातेवाइकांना काय सांगणार? आकडा सांगता येतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर संतोष नावाच्या बाई होत्या, पानिपतच्या. घरचा चादरी-कांबळ्यांचा धंदा. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या एकदम उठून बसल्या.

"अच्छा! थारे लोग तो म्हारे यहाँ आए थे लड़ने."

"जी. हार के गए," मी म्हटलं.

"कोई ना बहनजी. इब के जीत के जाइए."

पहिल्या तीन दिवसांत मी तेवढंच हसले.

रोज दुपारी दिलीप डबा घेऊन यायचा. मऊ भात, मेतकूट, कधी मुगाचं कढण. तोंडाला मास्क असायचा. "प्रदूषण," म्हणायचा. खाटेपाशी बसून वहीत नोंद करायचा: किती पाणी, किती वाजता. मी विचारलं, "तुझं बरं आहे ना?" तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" गुरुग्रामहून ऋता यायची, तिच्याही लक्षात आलं नाही. आजारी माणसाकडे सगळे बघतात. डबा आणणाऱ्याकडे कोण बघतं?

त्याच्या गुडघ्यांसाठी कधीकाळी दिलेल्या गोळ्या घरात पडून होत्या. अंगदुखी दाबून मला डबा आणता यावा म्हणून तो त्याच घेत होता. डॉक्टरांनी घेऊ नका म्हणून सांगितलेल्या, त्याने स्वतः वहीत क्रमांक तीनला लिहिलेल्या. अर्धी रिकामी पट्टी नंतर त्याच्या कुडत्याच्या खिशात सापडली. नियम पेशंटसाठी असतात, आणि पेशंट मी होते.

गार हात

माझ्या हॉस्पिटलमधल्या चौथ्या दिवशी तो आला तेव्हा फार खुशीत होता. आता कळतं की त्या दिवशी त्याचा ताप उतरला होता. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"हात किती गार तुझा," मी म्हटलं.

"बाहेर गारठा पडायला लागलाय."

मी मान्य केलं. मान्य करून डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरून संतोषबाई मोठ्याने म्हणाल्या, "भाईसाहब, मास्क हटाओ ज़रा." त्याने हसून हटवला. "बहनजी, इनके होंठ तो देख! सिस्टर! ओ सिस्टर!"

सिस्टर आली. रक्तदाबाचा पट्टा बांधला, मशीनकडे पाहिलं, पुन्हा बांधला. दिलीप म्हणाला, "मशीन खराब असेल." सिस्टरने त्याच्या पोटावर हात दाबला आणि तो खुर्चीत वाकला. डब्याचं झाकण खाली पडून घरंगळत खाटेखाली गेलं. व्हीलचेअर आली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भात गरम आहे तोवर खा."

त्याला वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात ठेवलं.

वरचा मजला

ऋता दोन मजल्यांमध्ये जिने चढत-उतरत होती. लिफ्टची वाट बघायचा धीर तिला नव्हता. माझ्यापाशी आली की म्हणायची, "बाबा स्टेबल आहेत," आणि वर गेली की तेच माझ्याबद्दल सांगायची. दुसऱ्या दिवशी ती भडकली. "आई, तुम्ही दोघं एकमेकांना नीट बघत तरी होतात का?" मग रडली. मग माझ्या उशाखालचं बिस्किट काढून खाल्लं. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सिस्टरने मला व्हीलचेअरवर घालून वर नेलं. नियमात बसत नव्हतं. तिने नियमाकडे पाठ केली, तिचे उपकार मी विसरणार नाही.

दिलीप शुद्धीवर होता. पोट फुगलेलं, ओठांना रक्त सुकून चिकटलेलं. मी हात धरला.

"आज रविवार का?" त्याने विचारलं.

मंगळवार होता. मी म्हटलं, "हो."

"बशा..."

"ऋताने पुसल्या."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "वसू, हौदाचं कळेल लोकांना. कमिटी माळ्यावर ढकलेल. मी ओळखतो ना कमिट्या. त्याने विचारलं होतं मला. तू सांग तसं."

मी म्हटलं, "तूच सांग, घरी आल्यावर." त्याने विचारलं होतं ते मलाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रक्त घेणारा आला नाही. सकाळ झाली, तरी माझा आकडा किती हे मला कुणीच सांगितलं नाही. संतोषबाई पाठ करून झोपल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. ऋता दारात उभी राहिली, तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. ती माझ्या खाटेवर बसली. मग फोन हातात धरून म्हणाली, "आत्या विचारतेय, सुतक कसं करायचं. आई, सुतक म्हणजे काय?"

तिला शब्द माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे काही शब्द राहून जातात. हा मला स्वतःच शिकवावा लागला.

मला दोन तासांसाठी घाटावर जाऊ दिलं. हाताला सलाईनची सुई तशीच होती. निघताना संतोषबाईंनी घरून आणलेलं कांबळं माझ्या खांद्यांवर टाकलं. परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, "रख ले. म्हारे यहाँ का सै, बीस साल चलेगा."

कोरडं घर

घरी आल्यावर आठवड्याभराने महापालिकेचा डास तपासणारा माणूस आला. टॉर्च घेऊन गॅलरीत गेला, कूलर पाहिला, बशा पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रेही पाहिला. "अंकल का घर हर साल एकदम सूखा मिलता है," तो कौतुकाने म्हणाला आणि दाराच्या मागच्या कागदावर सही केली. "कहाँ हैं अंकल?"

मी त्याला चहा दिला.

डॉक्टरांना मी विचारलं होतं की डास त्या हौदातलाच का. ते म्हणाले, सांगता येत नाही. सोसायटीत आणखी तिघांना डेंग्यू झाला, ते बरे झाले. पण शेजारच्या सोसायटीतही झाला, पलीकडच्या बांधकामावरही झाला. डासाला पत्ता विचारता येत नाही. हे मला दिलासा म्हणून सांगितलं जातं. मी तो दिलासा घेत नाही, नाकारतही नाही. कपाटात ठेवून दिलाय.

सभा

तेराव्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. दिलीपच्या फोटोला हार होता, समईला वारा लागू नये म्हणून पुठ्ठा लावला होता. त्याला आवडली असती अशी सगळी मांडणी. पाच भाषणं झाली. मग खुरानासाहेबांनी दोन ठराव वाचले. पहिला शोकाचा. दुसरा: माळी रामसजीवन याच्या हलगर्जीपणामुळे हौदातलं पाणी वेळेवर काढलं गेलं नाही, सबब त्याला महिनाअखेर कामावरून कमी करण्यात यावं.

रामसजीवन दाराशी उभा होता. त्याने सकाळी स्वतःच्या हाताने हाराची फुलं तोडून दिली होती. तो जमिनीकडे बघत होता. मला माझी सुटायची संधी दिसली, तीही चांगली प्रशस्त. मी गप्प बसले असते, तर ते सगळं त्या माणसाच्या नावावर जमा झालं असतं आणि मी फक्त विधवा राहिले असते. सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते.

मी उठले.

"इन्होंने मुझसे पूछा था," मी म्हटलं. "दो बार. दिलीप से भी पूछा था. हमने रोका."

"भाभीजी, आप अभी सदमे में हैं," खुरानासाहेब म्हणाले.

"जी. पर याददाश्त ठीक है." मी फोन काढला आणि माझाच मेसेज मोठ्याने वाचला, तारखेसकट. कुंड में जनता बढ़ रही है. समारोह में हज़ारों की उपस्थिति निश्चित समझिए. मग खाली ज्यांनी ज्यांनी हसरे चेहरे टाकले होते त्यांची नावं वाचायला लागले. चौथ्या नावाला मिसेस चड्ढांनी माझा हात धरला. "बस वसुधाजी, बस."

कुणीही हसलं नाही. दुसरा ठराव मागे घेतला गेला.

घरी येताना ऋता जिन्यात थांबली. "तू मला नव्हतं सांगितलंस. त्याने तुला विचारलं होतं ते."

"नाही."

"बाबांना?"

"त्यांनाही नाही."

ती माझ्यापुढे चालत वर गेली. तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तो तिचा हक्क होता.

उपयोगाचं

दुखण्याच्या जुन्या गोळ्या आज फेकून द्या. तापात कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. घरात एक आजारी असेल, तर डबा आणणाऱ्याच्या कपाळालाही रोज हात लावा. ताप उतरल्यावर पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हात-पाय गार पडत असतील, तर मशीनला दोष देऊ नका, त्याच पावली हॉस्पिटल गाठा.

आणि पाणी. कूलर, टायर, टाक्या तुम्हाला माहीत आहेत, त्यांची परिपत्रकं निघतात. तुम्ही ते पाणी शोधा ज्याला तुमच्या घरात पाणी म्हणत नाहीत. देव्हाऱ्यातला कलश. गंगाजलाची उघडी लोटी. बाटलीत वाढवलेली वेल, सासूबाईंच्या आठवणीची. कावळ्यासाठी गच्चीवर ठेवलेलं मडकं. ज्याला हात लावायला आपण कचरतो, तिथे डास कचरत नाही.

या वर्षी

या वर्षीही गणपती बसला. समितीने हौदाला दिलीपचं नाव द्यायचं म्हटलं, संगमरवरी पाटी, उद्घाटनाला कुणीतरी मोठं. मी नको म्हटलं. मग त्यांना वाईट वाटलं, म्हणून आरतीला उभी राहिले. दिलीपचा आवाज नसल्यामुळे सगळे वेगवेगळ्या पट्टीत गात होते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली गेले. ऋता आदल्या रात्री राहायला आली होती, तीही बाबांचं फडकं घेऊन मागे आली. हौदापाशी रामसजीवन दोन बादल्या घेऊन उभा होता. मूर्ती अर्धीच विरघळली होती. एक कान आणि मुकुटाची कड पाण्याबाहेर होती. ती बघून माझंही पाऊल अडलं, खोटं कशाला सांगू.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अजून पूर्ण विरघळली नाही, हे तो बोलला नाही. त्याने तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात.

"मैडम, पानी निकाल दूँ?"

"हाँ," मी म्हटलं. "निकालिए."

त्याने पहिली बादली बुडवली. दुसरी मी उचलली. शेवटी ताडपत्री उलटी करून कुंपणावर टाकली आणि ऋताने ती कडेकडेने, कोपऱ्यांत बोट घालून, कोरडी होईपर्यंत पुसली.